बाहेरची कडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मित्रांनो. मी एक जुना दरवाजा आहे, आणि तोसुद्धा शाळेतल्या मुलींच्या संडासाचा. झालं हसून? बरं. मग बसा असे जवळ. नाक धरायची गरज नाही. आता मी जिन्याखाली भिंतीला टेकून उभा असतो, आणि मला वास आलाच तर रंगाचा येतो.

मला घडवलं एका म्हाताऱ्या सुतारानं. कानावर पेन्सिल, तोंडात चार खिळे, त्यामुळं बोलायचा कमी आणि हुं हुं करायचा जास्त. जाड जाड पाच फळ्या, मागं तीन आडव्या पट्ट्या, कडेला लोखंडी बिजागऱ्या. काम झाल्यावर त्यानं तोंडातले खिळे काढले, माझ्यावर एक बुक्की मारली आणि म्हणाला, "भिंत पडंल, पण हा गडी पडायचा नाही." मी तेव्हा कोवळा होतो. छाती फुगली माझी.

मला बसवला होता तळमजल्यावर, सामानाच्या खोलीला. म्हणून मला बाहेरून कडी. चांगली बोटभर जाडीची, खट्ट वाजणारी. सामानाच्या खोलीत आतून कडी लावून कोण बसणार? आत चेंडू होते, गुंडाळलेले नकाशे होते, एक हात तुटलेला हाडांचा सापळा होता. मधली सुट्टी झाली की पोरं येऊन माझ्यावर थापा मारायची, "सर, चेंडू! सर, चेंडू!" खेळाचे सर माझी कडी खट्टकन् काढायचे. त्या आवाजाला पोरं ओरडायची आनंदानं. माझ्या कडीच्या आवाजाला एके काळी पोरं आनंदानं ओरडायची, एवढं जरा लक्षात असू द्या. मला ते आता आठवलं की कसंतरी होतं.

पुढं दुसऱ्या मजल्यावरच्या संडासाचं पातळ दार कुजलं. शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, हात जरा राखून खर्च करणाऱ्या. म्हणाल्या, "नवं कशाला? खालच्या खोलीचं आहे ना दणकट." सुतार तोवर गेला होता देवाघरी. मग मला वर बसवायला कोण आला, तर नळवाला! त्यानं आतून एक चिमुकली कडी ठोकली आणि विचारलं, "बाहेरची काढू का, मावशी?"

मावशी म्हणजे आमच्या शाळेची मावशी. झाडणं, पुसणं, घंटा देणं, कुणाच्या पोटात दुखलं तर गरम पाणी देणं, सगळं तीच. ती म्हणाली, "राहू दे रे. वारा सुटला की धाडधाड आपटतं दार. बाहेरून लावून ठेवीन."

एवढंच बोलणं झालं. अर्धं मिनिट लागलं असेल. पुढचं सगळं त्या अर्ध्या मिनिटातून निघालं.

आता मावशीबद्दल सांगतो, कारण तिला तुम्ही वाईट समजलात तर मला चालायचं नाही. मावशीचा नवरा रंगारी होता. तो गेला, पण ब्रश धरायचा हात तिला देऊन गेला. दर सुट्टीत शाळेची दारं तीच रंगवायची. आधी घासायची, मग खाचा-भोकं लांबीनं भरायची, लांबी म्हणजे ते रंगाऱ्याचं लोण्यासारखं लुकण असतं ना ते, आणि मग वरून निळा रंग. माझ्या अंगावर असे किती थर असतील, मोजदाद नाही.

रंगवायला कारणही असायचं. पोरी लिहायच्या ना माझ्यावर! आतल्या बाजूनं तर मी पाटीच होतो. कुणाच्या नावापुढं कुणाचं नाव आणि मधे बदाम. "गणिताच्या बाई झोपेत पण भागाकार करतात." "देवा, उद्या पेपर सोपा येऊ दे." ते वाचून मला करमायचं. पण कधी कधी घाणही असायची. मी वर नवा नवा लागलो होतो तेव्हा एकदा मावशीनं माझ्यावर वाचलं, कुणीतरी तिच्याबद्दलच लिहिलं होतं. तिच्या चालण्याबद्दल, तिच्या अंगाबद्दल. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. गेटवरचा पहारेकरी, त्याला सगळे दादा म्हणायचे, त्याला ती म्हणाली, "माझ्या पोटच्या पोरीच्या वयाच्या ह्या. ह्यांना मी गरम पाणी देते आणि ह्या माझ्याबद्दल असं लिहितात."

दादा म्हणाला, "वाचतेस कशाला? घासायचं काम तुझं, वाचायचं नाही."

मावशीनं ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून तिची एक रीत ठरली. शाळा सुटली, पोरी गेल्या, की ती बादली घेऊन यायची आणि दाराला हात लावायच्या आधी चष्मा काढून एप्रनच्या खिशात टाकायची. चष्म्याशिवाय तिला अक्षरं म्हणजे मुंग्या. मुंग्या पुसायला कुणाला वाईट वाटतंय! वर्षानुवर्षं तिनं मला असंच पुसलं, मित्रांनो, डोळे असून न बघता. आणि हे फक्त मला माहीत होतं. पोरींनी तिला बघितली ती कायम चष्म्यातच.

मग आली माझी पोर.

तिला खरं नाव आहे, पण मी सांगणार नाही. शाळेत तिला जे नाव पडलं होतं तेही घेऊ नये असं वाटतं, पण ते घेतल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. तिला "काका" म्हणायचे.

झालं असं, की आठवीत पोरीच्या वरच्या ओठावर बारीक लव आली. वयात येताना येते कुणाकुणाला. काळी, मऊ, जवळ गेल्याशिवाय दिसायचीही नाही. पण एका पोरीला दिसली. ती व्हॉलीबॉलच्या संघाची कॅप्टन, उंच, दिसायला ठसठशीत, वर्गात तिचा शब्द चालायचा. तिच्या मागं दोघी जुळ्या बहिणी, कायम तिच्या पाठीला चिकटलेल्या. पोर हात धुवायला आली की सुरू.

"अगं सरका, सरका! काका आले!"

"काका, या ना, बसा. पाणी आणू का थंडगार?"

"काकू बऱ्या आहेत ना हो?"

"काका, आज दाढी राहिली वाटतं? ऑफिसला उशीर झाला का?"

आणि हसणं. असं हसणं की फरशीवरून घरंगळत माझ्याखालून आत यायचं. खरं सांगू? पहिल्यांदा मलाही हसू आलं होतं. "काकू बऱ्या आहेत ना" ऐकून. लाज वाटते आता. पोरही हसली होती. तिला वाटलं, हसलं की संपेल. पण ती हसली म्हणून त्यांना वाटलं, तिला चालतंय. की वाटलं नाही, नुसतं म्हणायला बरं पडलं, देव जाणे.

पोरीची आई दवाखान्यात पाळीवर काम करायची. तिला पोरीनं एकदाच सांगितलं. आई म्हणाली, "वयात येताना होतं गं असं. जाईल आपोआप. तू लक्ष देऊ नकोस." वर्गाच्या बाई म्हणाल्या, "दुर्लक्ष केलं की थांबतात." दोघी चांगल्या बायका, प्रेमानंच बोलल्या. पण पोरीला मिळालं काय? काम मिळालं. त्रास दुसऱ्यांनी द्यायचा आणि तो थांबवायचं काम हिचं.

हळूहळू ती तोंडावर हात ठेवून बोलायला लागली. मग बोलणंच कमी झालं. डबा घेऊन माझ्याकडं यायला लागली, मधल्या सुट्टीत. हो, जेवायला! संडासात! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मावशीनं एक दिवस तिला तसं बघितलं. पोर दचकली. मावशी बाहेर गेली, एक बादली घासून आणली, कोरडी केली आणि उलटी घातली. म्हणाली, "उभ्यानं जेवू नये, चिमणे. बस ह्याच्यावर. आणि मी कुणाला नाही सांगत हो."

मावशीला वाटलं, पोर लाजाळू आहे, गर्दी सोसत नाही. कारण तिनं विचारलं नाही. मायेनंच विचारलं नाही. पण पोरीला त्या शाळेत एवढं एकच माणूस आपलं वाटलं. "चिमणे" ऐकलं की तिचा तोंडावरचा हात जरा खाली यायचा.

ही बादलीची जागा जुळ्यांनी हेरली. एक दिवस पोर आत जेवतेय, आणि बाहेरून माझी कडी लागली. खट्ट. आता कळलं ना, मला तो आवाज का नको होतो?

"काका, आराम करा!"

पहिल्या दिवशी पाच मिनिटं. मग घंटा होईपर्यंत. मग घंटा झाल्यावरही. कुणीतरी तहानलेली बारकी पोर बाहेरच्या नळावर यायची, कडी काढायची, आतली पोर मान खाली घालून वर्गात जायची आणि उशीर झाला म्हणून बोलणी खायची. मी काय करणार! फुगायचा प्रयत्न केला, कुरकुरलो, पण कडी माझीच आणि माझ्याच अंगावर. ज्यानं तिला लपायला जागा दिली त्याच्याच कडीनं तिला कोंडत होते.

त्या कॅप्टनचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा एकाच बाजूचं बोलतो. एकदा ती एकटीच आली होती. सामना हरला होता. नळ सोडून तिनं तोंड धुतलं, परत धुतलं, आणि आरशापुढं उभी राहून हळूच म्हणायला लागली, "बाबा, पुढच्या वेळेस नक्की. बाबा, बोला ना." तीन-चारदा म्हणून बघितलं, वेगवेगळ्या आवाजात. सामना हरला की तिचे बाबा तिच्याशी दिवस दिवस बोलायचे नाहीत. मग तिनं मला एक लाथ घातली, सणसणीत, आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी पोरीला जास्त वेळ कोंडलं. तिचं दुःख खोटं नव्हतं. पण ते तिनं उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं, ते कसं बरोबर म्हणू?

मग पोरीनं ठरवलं, मावशीला सांगायचं. पण सांगायचं म्हणजे तोंड उघडायचं, आणि तोंड उघडलं की माणसं ओठाकडं बघतात. एकदा ती मावशीजवळ जाऊन उभीही राहिली. मावशी म्हणाली, "काय गं चिमणे?" पोरीनं हात तोंडावर घेतला, म्हणाली, "काही नाही," आणि वळली. मग तिनं लिहायचं ठरवलं. तिचा हिशेब साधा होता. मावशी हे दार रोज पुसते, म्हणजे रोज वाचत असणार.

सोमवारपासून शुक्रवारपर्यंत, पाच मधल्या सुट्ट्या, तिनं कंपासातल्या कर्कटकानं माझ्या आतल्या बाजूला, खाली, बादलीवर बसून हात पोचेल तिथं अक्षरं कोरली. पेन पुसलं जाईल म्हणून कोरली. दुखलं का? दुखलं. पण मी कुरकुरलो नाही. मी आयुष्यात एवढा स्थिर कधी उभा राहिलो नसेन.

लिहिलं होतं ते असं:

"मावशी, मला रोज बाहेरून कोंडतात. मला बोलता येत नाही. तुम्ही कुणाला सांगू नका, फक्त ही बाहेरची कडी काढा. तुम्ही रोज पुसता म्हणून इथं लिहिलं."

बघा, तिनं काय मागितलं. कुणाला शिक्षा नाही. चार स्क्रू काढायचे होते, बस.

शुक्रवारी शेवटचं अक्षर झालं आणि त्याच संध्याकाळी मोठ्या बाईंनी मावशीला बोलावलं. सोमवारी तपासणीला वरचे साहेब येणार होते. शनिवारी सुट्टी असूनही मावशी आली, डबा-ब्रश घेऊन. दुसऱ्या मजल्याची सगळी दारं एका दिवसात उरकायची होती. माझ्यापुढं बसली. चष्मा काढला, खिशात टाकला.

मावशी, नको. मी असा ओरडलो की बिजागरी कच्चकन् वाजली. मावशी म्हणाली, "हो रे बाबा, तुला तेल पण देते."

तिची बोटं त्या अक्षरांवरून फिरली. "काय खरवडून ठेवलंय मेल्यांनी," एवढंच पुटपुटली. घरात उरलेली जुनी लांबी आणली होती, ती भरली, अंगठ्यानं दाबून दाबून, एकेका अक्षरात. वर रंग मारला. अगदी मन लावून. आणि मग कडीकडं बघितलं. कडी रोजच्या आदळआपटीनं ढिली झाली होती. मावशीनं जुने स्क्रू काढले, लांब नवे घातले, पिळून घट्ट बसवली, तेल सोडलं. दोनदा लावून बघितली. खट्ट, खट्ट. म्हणाली, "आता कशी शहाण्यासारखी लागते!"

सोमवारी पोर लवकर आली. घंटेच्या आधीच. मला अजून तिची पावलं आठवतात, अशी भरभर, म्हणजे आशा असली की माणूस चालतं तशी. तिनं दार उघडलं. आत निळा नितळ रंग, एक रेघ नाही. मग बाहेरच्या बाजूला बघितलं. कडी नव्यासारखी चमकत होती, नव्या स्क्रूंनी घट्ट.

तिनं मागितलं होतं कडी काढा. आणि उत्तर हे मिळालं होतं.

ती रडली नाही. बोट लावून रंग वाळलाय का बघितलं, आणि निघून गेली. त्या दिवशी ती जेवायला आली तेव्हा मी घाबरलो, कारण तिनं आतली कडीसुद्धा लावली नाही. आता कशाला, असं होतं तिच्या बसण्यात.

त्या दिवशी कडी लागली तेव्हा दाराखालून काहीतरी सरकलं. दाढीचा रेझर.

"काका, साहेब आलेत तपासणीला! दाढी करून चला!"

कॅप्टन आणि एक जुळी हसत गेल्या. दुसरी जुळी मागं राहिली. तिनं कडीवर हात ठेवला. मला तिच्या बोटांचा घाम लागला. नव्या तेलावर कडी अशी मऊ झाली होती की नुसता धक्का पुरला असता. तेवढ्यात जिन्यावरून हाक आली, "येतेस का काकांना सोबत करतेस?" आणि हात निघाला. मित्रांनो, त्या हाताला मी अजून शिव्या देतो आणि अजून त्याची वाट बघतो.

आत काय झालं ते मी फार सांगत नाही. पोरीनं रेझर उचलला. आरसा बाहेर, त्यामुळं अंदाजानं. लागलं तिला, ओठाच्या वर, चांगलंच. रुमाल लावून ती बादलीवर बसून राहिली. तपासणीमुळं सगळे खाली अंगणात रांगेत. कुणी तहानलेलं आलं नाही. घंटा झाल्या, एक, दोन, तीन. शाळा सुटल्यावर मावशी आली आणि कडी काढली.

"अगं आई गं! चिमणे! काय झालं हे? कुणी कोंडलं तुला?"

पोरीनं मावशीकडं बघितलं. नुसतं बघितलं. आणि म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे."

मावशीला वाटलं, घाबरून बडबडतेय पोर. तिनं पोरीचं तोंड धुतलं, तिला दवाखान्यात नेलं, आईकडं सोपवलं. दुसऱ्या दिवशीपासून पोर शाळेत आली नाही.

आईनं बोभाटा नको म्हणून निरोप दिला की पोर पडली. मोठ्या बाईंनी कोंडल्याची चौकशी केली, वर्गात उभं राहून विचारलं, "कुणी केलं?" कोण सांगणार! मावशी मात्र रोज मला पुसताना म्हणायची, "तुम्हाला माहीत आहे म्हणाली. मला काय माहीत आहे रे? काय माहीत आहे मला?" मला विचारायची, आणि उत्तर माझ्यातच होतं.

पुढं हवेत ओल आली, गेली. जुनी लांबी ती, घाईत भरलेली. सुकली, आकसली आणि निघायला लागली. रोज फरशीवर पांढऱ्या कणांचा सडा. मावशी वैतागायची, "झाडलं की परत! कुठून पडतंय एवढं?" एक दिवस तिनं बघायला म्हणून खिशातला चष्मा काढून डोळ्यावर चढवला आणि खाली वाकली.

पहिलाच शब्द उघडा पडला होता, "मावशी".

तिचा चेहरा उतरला. "परत माझ्याबद्दलच," म्हणाली, आणि उठायला लागली. उठली असती, मित्रांनो. पण खाली "कडी" दिसलं. ती परत बसली. नखानं एकेका अक्षरातली लांबी काढत वाचत गेली. शेवटी "तुम्ही रोज पुसता म्हणून" इथं आली आणि फरशीवरच बसली, पाय पसरून, लहान पोरासारखी. मला वाटलं, ही आता उठायची नाही.

उठली. गेटवरच्या दादाला हाक मारली, पेचकस मागितला आणि माझ्या बिजागऱ्या सोडवायला लागली.

"अगं, दार कुठं चाललं?" दादा म्हणाला.

"मोठ्या बाईंकडं. धर त्या बाजूनं."

दोघांनी मला उचलून जिन्यावरून खाली नेलं. वर्गांतून पोरी बघत होत्या. मोठ्या बाईंच्या खोलीत मावशीनं मला टेबलाला टेकवलं आणि म्हणाली, "बाई, वाचा. मोठ्यानं वाचा. मी वाचलं नाही म्हणून हे झालं."

बाईंनी वाचलं.

मग सगळं झालं, जे व्हायचं ते. दुसरी जुळी आपणहून रडत आली आणि तिनं सांगितलं. कॅप्टन म्हणाली, "मस्करी होती, बाई. ती पण हसायची." तिचे बाबा आले. आल्या आल्या म्हणाले, "पोरींच्या भांडणात एवढं काय?" आणि मग रेझरचं ऐकल्यावर सगळ्यांसमोर आपल्या पोरीला म्हणाले, "मान वर कर. मान वर कर, मूर्ख. माझं नाक कापलंस." कॅप्टननं मान वर केली नाही. तिनं तोंडावर हात घेतला. मी ओळखला तो हात. आनंद झाला नाही, एवढं खरं.

त्यांना शिक्षा झाली, समजावणं झालं, रोज समुपदेशनाची एक ताई येऊन त्यांच्याशी बोलायला लागली. चांगलं झालं. पण पोर?

मावशी तिच्या घरी गेली. एकदा, दोनदा, चारदा. येऊन मला सांगायची, मी तेव्हापासून इथं जिन्याखाली आहे ना. "आई बोलते रे. चहा देते. पण पोर खोलीतून बाहेर येत नाही. मी दाराशी बसून हाका मारल्या. आतून काही नाही."

एका दुपारी पोर आली. आईबरोबर, दाखला न्यायला. दुसऱ्या गावी आत्याकडं राहून शिकणार होती. आई मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि पोर जिन्यापाशी थांबली. अंगानं निम्मी झाली होती. ओठावर एक पांढरी रेघ. तिनं मला बघितलं, आणि माझ्यावरची अक्षरं, सगळी उघडी. मावशी तिथंच होती.

"वाचलं नव्हतं गं मी," मावशी म्हणाली. "तेव्हा वाचलं नव्हतं. दार पुसताना मी चष्मा काढून ठेवते."

पोर तिच्याकडं बघत राहिली. "मी तुम्हाला कधी चष्म्याशिवाय बघितलं नाही."

"नसशील बघितलं. पण खरं सांगते, बाळा. तुझी शप्पथ."

"अक्षरं एवढी मोठी काढली होती मी."

"हो गं."

"पाच दिवस लागले."

मावशीनं माझ्या बाहेरच्या बाजूला हात लावून दाखवलं. "कडी काढली बघ. सगळ्या दारांच्या बघितल्या. आता कुठंच नाही."

पोरीनं मान हलवली. कुणाचं बोलणं लवकर संपावं म्हणून हलवतात ना, तशी. तिचा मावशीवर विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. मावशीलाही कळलं नाही, आणि ते तिला आता कधीच कळणार नाही.

आईनं हाक मारली. पोर दोन पावलं गेली, थांबली, तोंडावर हात घेऊन म्हणाली, "मावशी, त्यावर रंग द्या. सगळे वाचत असतील."

"देते, चिमणे. आत्ता देते."

आणि मावशीनं दिला. पोर गेटमधून बाहेर पडायच्या आत डबा उघडला. ह्या वेळी चष्मा डोळ्यावर होता. एकेक अक्षर वाचत, एकेक अक्षर झाकत गेली. मधेच काच धूसर व्हायची, ती पुसायची, परत ब्रश चालायचा. एवढं सावकाश मला आजवर कुणी रंगवलं नाही.

तर मित्रांनो, आता माझ्यावर काही दिसत नाही. म्हणून तोंडानं सांगतोय. तुमच्या शाळेतही कुणीतरी तोंडावर हात ठेवून बोलत असेल. कुणी एकटं कुठंतरी डबा खात असेल. त्याला "काय झालं" एवढं विचारा, आणि "काही नाही" म्हणालं तर उठून जाऊ नका, बसून राहा जरा. कुणाला नाव पाडून सगळे हसत असतील आणि ते पोरही हसत असेल, तर त्या हसण्यावर जाऊ नका. मी गेलो होतो. आणि मोठ्या माणसांनो, तुम्हीही कुठं उभे राहून ऐकत असाल तर ऐका, पोरं आपल्याला सांगतात. वाकडंतिकडं सांगतात, नको तिथं लिहून सांगतात, पण सांगतात.

आणि कुठं बाहेरून कडी लागलेली दिसली, तर आत कोण आहे, कुणी लावली, आपल्याला काय करायचंय, ह्याचा विचार करत उभे राहू नका. हात ठेवलात तर काढू नका. मी एवढा दणकट, भिंत पडली तरी न पडणारा, पण मला हात नव्हते हो. तुम्हाला दोन दोन आहेत.

जा आता. वर्ग भरला असेल.